काकांनी बंद केलेला रस्ता

बिराजदारकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हातात ओळंबा धरून उभे असलेले. जुळे सोलापुरातली आमची कॉलनी नुकतीच वसली होती. तिच्या टोकाशी पलीकडच्या माळावर जाणारा रस्ता होता आणि त्यावर काका आडवी भिंत घालून घेत होते. उद्या त्या माळावरही वस्ती होईल, असं मी म्हणालो.

“म्हणून तर आजच बांधतोय की!” काका म्हणाले.

त्यांचं निम्मं आयुष्य जुन्या पेठेत गेलेलं. तिथं एका बोळात शिरावं आणि तिसऱ्यातून निघावं. वाटेत कोणी चहाला ओढणार, कोणी पोरीच्या लग्नाची चौकशी करणार. त्याला वैतागून ते इकडे आले होते. “रस्ता आरपार ठिवला की अख्खं गाव दारातनं जातंय,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. सोसायटीचे अध्यक्ष तेच, कारण दुसऱ्या कोणाला व्हायचं नव्हतं. त्यांच्यामुळे आमच्याकडे शांतता नांदली आणि दूध आणायलाही गाडी काढायची सवय लागली.

माळावर इमारती उठल्याच. त्यांतल्या एकीत काकांच्या मुलीनं, सुवर्णानं, फ्लॅट घेतला. काकू गेल्यावर वडील एकटे, म्हणून मुद्दाम जवळ. आमच्या गच्चीवरून तिची वाळत घातलेली धुणी ओळखू यायची. जायचं मात्र हायवेवरून, ट्रक चुकवत, मोठा वळसा घालून. काकांचे गुडघे बोलू लागले तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, माणूस जाईल एवढं दार पाडा की भिंतीत. दोन्ही वेळा गरम भाकरी आणून देते.”

काकांनी सभा बोलावली. सगळ्यांना त्यांच्याविषयी फार आदर, त्यामुळे जो तो त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवू लागला. “एकदा आरपार झालं की संपलं, काका. तुमीच शिकवलं की!” दाराच्या बाजूनं हात वर झाले ते काकांचा आणि माझा. ठराव फेटाळला गेल्याचं काकांनीच खड्या आवाजात जाहीर केलं. बाहेर पडताना मला म्हणाले, “सभा बाकी लई शिस्तीत झाली.”

थोड्याच दिवसांत ते सुवर्णाकडे राहायला गेले. सामानाचा टेम्पोही वळसा घालूनच गेला. आता संध्याकाळी ते तिच्या गॅलरीत येतात, मी गच्चीवर जातो, आम्ही हात हलवतो. मग त्यांचा फोन येतो. “या की हिकडं, शेंगा भाजल्यात.”

“येतो,” मी म्हणतो आणि हायवे आठवून तिथंच बसतो. समोर दिसणाऱ्या माणसाची इतकी आठवण येते असं सांगितलं तर लोक हसतील. पण येते.