कढईतून एस्प्लनेडला

चालणं ही जगातली सगळ्यात अवघड विद्या आहे असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायला आला. आमचं मराठी घर कलकत्त्याच्या बेहाला भागात, आजोबांच्या वेळेपासूनचं. वरचा मजला आम्ही भाड्यानं देत असू, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पुण्याहून बदली होऊन एक मराठी जोडपं आलं. काका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. पण मैल आणि फर्लांग हे त्यांच्या लेखी कागदावरचे हिशेब. खरं माप म्हणजे पाऊल. "पोस्ट तुमच्या दारापासून चारशे बारा," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "तुझी साडेचारशे भरतील. तू जरा आखडती टाकतेस." मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे स्वतःचं प्रगतिपुस्तक मिळायची सवय सुटली होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर मोजणी चुकू नये म्हणून काका हात वर करून "दोनशे सदतीस" असं मोठ्यानं म्हणत आणि पुढे जात. हाच मराठी लोकांचा नमस्कार असावा अशी गल्लीतल्या बंगाली मंडळींची समजूत झाली होती, आणि एक-दोघं मलाही तसा करू लागले होते.

या मोजणीनंच एकदा घात केला. आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघं ट्रॅमनं शहराच्या मध्यावर, गजबजलेल्या एस्प्लनेडला गेली. काका मोजत पुढे गेले आणि काकू गर्दीत मागे राहिल्या. त्यांना ना बंगाली येत होतं, ना घराचा पत्ता पाठ होता. तीन तासांनी काकांना त्या ट्रॅमच्या थांब्यापाशी सापडल्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभ्या. त्या दिवसापासून काकूंनी उंबरा ओलांडला नाही. मी कितीदा म्हटलं, "माझ्याबरोबर चला." त्या हसून म्हणायच्या, "तू आहेस तोवर ठीक गं. पण तू सुटलीस की?" मग दहाएक महिन्यांनी एका रविवारी काका चौदा लाटणी घेऊन जिना चढताना दिसले.

बायकोला बाहेर जाववत नाही, तर बाहेरच घरात आणायचं, असा त्यांचा बेत होता. खोलीतल्या खोलीत तिनं चालावं, अगदी रस्त्यावरच्यासारखं पाऊल पुढे टाकावं, डोळ्यांपुढून रस्ता सरकावा, आणि असं रोज चालून तो रस्ता तिच्या पायांना पाठ व्हावा. लाटणी एकाशेजारी एक मांडून त्यांवर गोणपाटाचा पट्टा फिरवलेला होता. पहिली चालणारी मी. दुसऱ्या पावलाला पट्टा मागे गेला, मी पुढे गेले, आणि धुवायच्या कपड्यांच्या ढिगात पडले. "तत्त्व बरोबर आहे," काका वहीत लिहीत म्हणाले. काकू म्हणाल्या, "तत्त्व राहू द्या, आधी माझं लाटणं द्या. पोळ्या व्हायच्यात."

मग कढई आली. मिठाईवाल्याकडची जुनी, पसरट, लोखंडी, तीन माणसं मांडी घालून बसतील एवढी. तिला आतून मेण घासायचं आणि लोकरीचे मोजे घालून आत उभं राहायचं. पाऊल टाकलं की ते उतारावरून आपोआप मधोमध परत येतं. तोल जाऊ नये म्हणून प्रवासातल्या वळकटीचे, होल्डॉलचे पट्टे कमरेला बांधून छताच्या आकड्याला अडकवायचे. त्या आकड्याला पंखा होता, तो वैशाखात उतरला. "पंखा काढून मला कुठे फिरायला नेताय?" काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "ट्रॅमच्या थांब्यापर्यंत. ट्रॅममध्ये यंत्र लागणार नाही, तिथे बसायचंच असतं. पुढे एस्प्लनेडला उतरलीस की पुन्हा यंत्र."

रस्त्यासाठी त्यांनी उसना कॅमेरा आणला आणि दर वीस पावलांवर थांबून फोटो काढू लागले. नक्षलवाद्यांच्या धरपकडीचे, संशयाचे दिवस होते. शिपायानं त्यांना हटकलं. मराठीतल्या प्रत्येक 'अ'चा 'ओ' केला की बंगाली होतं असं काका मानत, पण त्या वेळी मात्र मी शिकवलेलंच आठवलं. "बौ हाँटबे," ते म्हणाले. "घोरे." म्हणजे बायको चालणार आहे, घरात. शिपायानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि जाऊ दिलं. फोटोंचा नाद मात्र सुटला. मग काकांनी सगळा रस्ता शाईनं लांबलचक कागदावर काढला, तो एका खोक्यात गुंडाळला, खोक्याला जुन्या चष्म्याची भिंगं बसवली आणि गुंडाळी ओढणाऱ्या दोऱ्या चालणाऱ्याच्या घोट्यांना बांधायची सोय केली. एक पाऊल टाकलं की रस्ता एक पाऊल पुढे सरके.

काकू कढईत उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. "अहो, यात माणसंच नाहीत. कलकत्त्यात असा रस्ता कुठला?" काकांनी दुसऱ्या दिवशी माणसं काढली. काकू म्हणाल्या, ही बोलत नाहीत. तेव्हा मात्र आमची खरी मजा सुरू झाली. काका कढईभोवती फिरत मासे विकत, कोपरानं ढोसत, ताटलीवर चमचा आपटून ट्रॅमची घंटा वाजवत. मी अनोळखी बंगाली माणूस होत असे. एके संध्याकाळी मी जाड आवाजात विचारलं, "कोथाय जाबेन, माशीमा?" म्हणजे कुठे जायचंय, मावशी? काकू भिंगांना डोळे लावून तशाच उभ्या राहिल्या. काकांच्या हातातला चमचा वरच राहिला. मग त्या हळू म्हणाल्या, "बेहाला. ट्रॅम डिपोर काछे. होलुद बाडी." डेपोजवळ, पिवळं घर. काकांनी चमचा ताटलीवर जोरात आपटून ट्रॅम सोडली.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, शनिवारी दुपारी, काका माझ्या दारात उभे राहिले. "ती घरात नाही," एवढंच म्हणाले. आम्ही थांब्यापर्यंत धावत गेलो. त्या दिवशी त्यांनी एकही पाऊल मोजलं नाही. धावताना कुणाचा तरी पाय तुडवला आणि माफीही मागितली नाही. तासाभरात तीन ट्रॅम रिकाम्या हातानं आल्या. चौथीतून काकू उतरल्या, घामाघूम, हातात पिशवी.

"एस्प्लनेडला गेले होते," त्या म्हणाल्या. "चपलेचा अंगठा तुटला. चांभाराकडून शिवून घेतला. त्याला पत्ताही सांगितला."

"त्यानं विचारला?" मी म्हटलं.

"नाही. पण मी सांगून टाकला."

काकूंनी पिशवी काकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आणि ते औषधाचं दुकान तुम्ही चुकीच्या बाजूला काढलंय." आयुष्यात कुणी चूक दाखवल्यावर इतका आनंदलेला नकाशेवाला मी पाहिला नाही. घरी येऊन त्यांनी चहाही न पिता ते दुकान खोडलं.

मग काकू घरात सापडेनाशा झाल्या. बाजार, गंगेचा घाट, एक ना दोन. बंगाली तर माझ्यादेखत माझ्याहून जोरात बोलू लागल्या. कढई विकून टाका आणि पंखा लावा, असं त्या रोज म्हणत, आणि काका रोज बरं म्हणत. एका संध्याकाळी वरून मोज्यांच्या घासण्याचा मंद आवाज आला, म्हणून मी वर गेले. काका एकटेच कढईत चालत होते, पट्टे बांधून, डोळे खोक्याला लावून.

"काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डमडमला. तिकडच्या मराठी बायकांकडे हळदीकुंकू आहे."

"मग तुम्ही कुठे निघालात?"

"तिकडेच," काका म्हणाले. "तिथला रस्ता काही मी काढलेला नाही. कागद मघाशीच संपला." आणि ते चालत राहिले.