गेटवरचा प्लग

तुमच्या सोसायटीच्या गेटवर जी बाई दिवसभर उभी असते, तिचा फोन कुठे चार्ज होतो, हे तुम्हाला माहीत आहे का? मलाही माहीत नव्हतं. आणि तरीही मी चार्जिंगवर पत्रक काढून मोकळी झाले होते.

आमच्या घरी पत्रक काढायला फार मोठं कारण लागत नाही. बाबा कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. बाकीची मुलं ‘कमळ’, ‘बदक’ वाचत होती तेव्हा मी ‘कामगार बंधू-भगिनींनो’ वाचत होते. घरात पत्रकांचे दोन नियम होते. चूक सापडली, तर ज्यांनी पत्रक वाटलं त्यांनीच, त्याच जागी उभं राहून दुरुस्ती वाटायची. आणि दुरुस्ती मूळ मजकुरापेक्षा लहान अक्षरात छापायची नाही. एकदा बाबांनी सभेची वेळ चुकीची छापली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीआधी ते एकटे कारखान्याच्या दारात उभे राहून ‘कालची वेळ ही माझी चूक’ असं ठळक छापलेला कागद वाटत होते. मित्र हसत होते. बाबाही हसत होते, पण हात थांबला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मी माझं पहिलं स्वतंत्र पत्रक काढलं: ‘जलद चार्जिंग, जलद लूट!’ मुद्दा असा की फास्ट चार्जर फोनमध्ये जबरदस्तीने वीज कोंबतो, बॅटरी लवकर मरते, मग कंपन्या आपल्याला नवा फोन विकतात. तेव्हा मित्रांनो, फास्ट चार्जिंगची चैन सोडा, जुनाच साधा चार्जर वापरा. मी ते धायरीच्या भाजीबाजारात वाटलं, बसथांब्यावर वाटलं, आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर सुरक्षेच्या कामावर असणाऱ्या मावशींच्या हातातही एक दिलं. बाबांनी वाचून विचारलं, “हे कुणाला विचारून लिहिलंस?” मी म्हणाले, “सगळ्यांना माहीत आहे.” त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला. तेव्हाच मला उत्तर कळायला हवं होतं.

मावशी मूळच्या वाशीमकडच्या. त्यांची हजेरी फोनवर. एजन्सीच्या ॲपमध्ये दर तासाला, तासाच्या ठोक्याला, गेटसमोर उभं राहून स्वतःचा फोटो टाकायचा. दोन फोटो चुकले की त्या दिवसाची गैरहजेरी. मग माणूस उन्हात बारा तास उभा असला तरी ॲपच्या दृष्टीने तो तिथे नाही.

महिन्याभराने मी सायकल काढत होते तेव्हा मावशींनी हाक मारली.

“ताई, तुमचा कागद मी जपून ठेवला बरं. लई उपयोगाचा वाटला. नव्या फोनसंगं आलेला चार्जर पिशवीत टाकून देला, जुनाच लावते आता.”

मी खूश झाले. हो, एवढी मूर्ख होते.

“पण मंग काऊन पुरत नाही हो? सायंकाळी पाचलाच बंद पडते फोन. तीन गैरहजेऱ्या लागल्या. एजन्सीचे साहेब म्हणते, अजून एक लागली तर मांजरीच्या साइटवर टाकतो.”

मांजरी म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन बस बदलायच्या, त्याही वेळेवर आल्या तर. मावशींची मुलगी धायरीतल्याच शाळेत सहावीत होती. शाळा सुटली की ती केबिनच्या बाजूला बसून अभ्यास करायची आणि सात वाजता आईबरोबर घरी जायची. मावशींना दुसरं कुणी नव्हतं. मांजरी म्हणजे नोकरी सोडणं, एवढंच.

फोन चार्ज करायला त्यांना जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मिळायचा, तोही गेटलगतच्या क्लबहाऊसमधल्या प्लगवर. केबिनमधला प्लग कमिटीने आधीच काढून टाकला होता. फास्ट चार्जर होता तेव्हा तो अर्धा तास सातपर्यंत पुरायचा. माझ्या पत्रकाने तो संपवला होता.

मी सरळ धायरी फाट्याजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून एका फोनचं पोट उघडून बसले होते. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

“भाषा छान आहे,” ते म्हणाले. “माहिती कुठे मिळेल?”

मग त्यांनी चार्जर आणि फोन यांच्यामध्ये काडेपेटीएवढं एक मीटर जोडलं. आकडा आला: पाच व्होल्ट. दोन-तीन सेकंद तसाच राहिला, आणि मग नऊ झाला.

“बघितलंत? चार्जर काही कोंबत नाही. आधी तो पाचवर गप्प बसतो. मग केबलमधून सांगतो, माझ्याकडे एवढं एवढं आहे. फोन आपली बॅटरी बघतो, किती गरम आहे ते बघतो, आणि मागतो. मागितलं तेवढंच मिळतं. तुमच्या मावशींच्या जुन्या चार्जरला ही बोलणी येतच नाहीत. म्हणून फोन कमीत कमी घेऊन गप्प बसतो.”

“मग बॅटरी मरते ती?”

“उष्णतेने मरते मुख्यतः. म्हणून तर फोन गरम झाला की स्वतःच मागणं कमी करतो. भरत आला तरी कमी करतो. आपण आधी आला असतात तर कागद वाचला असता.”

भरत आल्यावर का, ते मला माझ्या पद्धतीने समजलं. सभेत सतरंज्या रिकाम्या असतात तेव्हा लोक भराभर बसतात. शेवटी येणाऱ्यांना जागा शोधत, पाय चुकवत जावं लागतं. बॅटरीचंही तसंच. पहिला निम्मा भाग झटपट भरतो, शेवटचा रेंगाळतो. अर्ध्या तासाच्या सुट्टीवर जगणाऱ्या माणसाला तो पहिला निम्माच हवा असतो. फास्ट चार्जिंग ही चैन आहे असं मी लिहिलं होतं. ज्याच्या उशाशी प्लग आहे त्याच्यासाठी असेल चैन.

दुरुस्ती छापली. शीर्षक: ‘मागचं पत्रक चुकलं. चूक माझी.’ बाबांनी अक्षराचा आकार पट्टीने मोजला. भाजीबाजारात एक काका म्हणाले, “पुढच्या आठवड्यात हेही चुकलं म्हणून येणार का?” मी म्हणाले, “चुकलं तर येणार.”

मावशींनी फास्ट चार्जर परत लावला. पण एव्हाना ऊन वाढलं होतं, आणि क्लबहाऊसचा तो एकच प्लग काचेच्या भिंतीला लागून, दुपारच्या भर उन्हात. फोन तापायचा आणि मागणं सोडायचा. फोन आता जेमतेम सहाचा फोटो टाकेपर्यंत जायचा. सात काही गाठायचा नाही. मी दुरुस्तीचा कागद घेऊन सेक्रेटरींकडे गेले आणि केबिनमधला प्लग परत मागितला.

“अहो, आज चार्जर, उद्या कूलर मागतील,” ते म्हणाले. “आणि फास्ट चार्जर वीज किती ओढतो, कल्पना आहे आपल्याला?”

“बॅटरी तेवढीच आहे. हळू भरा नाहीतर भराभर, वीज जवळपास तितकीच लागते.”

“असं? मग हळूच भरू देत की.”

“त्यांना सुट्टी अर्ध्या तासाची आहे. ती वाढवून देता का?”

“लेखी द्या.”

मी दुरुस्तीचं पत्रकच नोटीस बोर्डवर चिकटवलं. त्यांनी काढलं. मी पुन्हा चिकटवलं. मग आमचं घर तळमजल्यावर म्हणून मी खिडकीतून गेटपर्यंत एक्स्टेंशन बोर्ड सोडला. मावशींनी तो गुंडाळून परत आणून दिला.

“राग नका मानू, ताई. तुमच्या घरचं नको मले. उद्या तुम्ही गावाले गेल्या तर? केबिनमधलं बटन होतं, तेच पाहिजे.”

मी बोर्ड घरात ठेवून दिला. मी अख्खं पत्रक लिहून जे म्हणू शकले नव्हते, ते त्या दोन वाक्यांत म्हणाल्या होत्या.

चार दिवसांनी ऊन आणखी कडक होतं; फोन पाचच्या आधीच बंद पडला आणि सहाचाही फोटो चुकला. मावशींनी गेटचा आडवा दांडा खाली केला, खुर्ची उचलली आणि क्लबहाऊसच्या प्लगशेजारी जाऊन बसल्या. शेजारी मुलगी, मांडीवर वही. बाहेर गाड्यांची रांग लागली. पहिलीच गाडी सेक्रेटरींची. हॉर्न ऐकून मीही बाहेर आले.

“गेट उघडा!” सेक्रेटरी गाडीतून उतरून ओरडले.

“मी ड्युटीवर नाही, साहेब,” मावशी बसूनच म्हणाल्या. “पाचचा फोटो गेला नाही, सहाचाही गेला नाही. ॲप म्हणते, मी आज आलीच नाही. जी बाई आलीच नाही, तिनं गेट काऊन उघडावं?”

मागच्या स्कूटरवरचा कुणीतरी फिसकन हसला. सेक्रेटरींनी एजन्सीला फोन लावला. एजन्सीनेही ॲप बघून तेच सांगितलं असणार, कारण त्यांचा चेहरा पडला. शेवटी दांडा त्यांनी स्वतः वर केला. सवय नव्हती, दोन्ही हात लागले.

त्या आठवड्यात केबिनमध्ये प्लग परत आला, सावलीच्या बाजूच्या भिंतीवर. वर पाटी लागली: ‘फक्त कामाच्या फोनसाठी. इतर वापर करू नये. कमिटीचे लक्ष आहे.’ असू द्या लक्ष. बदली नको असं कमिटीनेच एजन्सीला कळवलं, म्हणून मावशी गेटवरच आहेत, मांजरीला गेल्या नाहीत. मुलगी अजूनही केबिनच्या सावलीत अभ्यास करते. पण दर तासाचा फोटो तसाच आहे, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाचीच आहे, आणि त्या दिवसाची गैरहजेरी एजन्सीने काढलेली नाही. फोन तापला की त्याला मागणं थांबवता येतं. पत्र्याच्या केबिनमधल्या बाईला ती सोय अजून कुणी दिलेली नाही. तिथे आमचं भांडण चालू आहे.

माझं पहिलं पत्रक तुमच्या घरी कुठे पडलं असेल तर फाडून टाका. आणि आज घरात शिरण्याआधी गेटवर थांबा. तिथल्या माणसाला विचारा, फोन कुठे लावता? केबिनमध्ये, सावलीत, चालू प्लग नसेल, तर कमिटीकडे तो मागा. आपल्या खिडकीतून वायर सोडून मोकळे होऊ नका. त्या माणसाच्या शेजारी उभे राहून मागा, आणि मिळेपर्यंत तिथून हलू नका.