कुंभवलीचा ठिपका

पालघरच्या ज्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो, तिथे दर वर्षी एक तास मी घेत नाही. घसा बसलाय म्हणतो आणि सहकाऱ्याला पाठवतो. त्याला कधी शंका आली नाही. बायकोलाही नाही. खरं कारण माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही — तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

तो तास मध्यकांच्या रेषेचा. कागदावर ठिपके विखुरलेले असतात, त्यांच्यामधून एक सरळ रेषा काढायची असते. नेहमीच्या रीतीत प्रत्येक ठिपका रेषेला आपल्याकडे ओढतो. एखादा फारच वर पडलेला असला, तर सगळी रेषा त्याच्याकडे कलते. मध्यकांच्या रीतीत तसं होत नाही. डावीकडून उजवीकडे ठिपक्यांचे तीन गट करायचे, प्रत्येक गटातली मधली किंमत घ्यायची — आडवी वेगळी, उभी वेगळी — आणि त्या तीन मधल्या बिंदूंच्या आधाराने रेषा बसवायची. मग एखादा एकटा ठिपका कितीही वर गेला तरी रेषा जागची हलत नाही. मला ही रीत फार आवडायची. फार.

हर्षला नावाची मुलगी तेव्हा माझ्या वर्गात, तिसऱ्या वर्षाला होती. घर कुंभवलीला, वडील तिथल्याच एका कंपनीत. प्रकल्पासाठी तिने गावातल्या बोअरचं पाणी मोजलं होतं — कारखान्यांमागच्या नाल्यापासून घर किती लांब, आणि पाण्यात क्षार किती. कॉलेजच्या मीटरने. आलेख सुरेख आला. नाल्यापासून जसजसं लांब जावं, तसतसे क्षार कमी. फक्त एक ठिपका उजवीकडे, नाल्यापासून चांगला लांब, आणि तरी सगळ्यांच्या वर. तो तिच्या स्वतःच्या घरचा होता.

"सर, मी पुन्हा पुन्हा मोजलंय," ती म्हणाली.

मी काय म्हणालो? सगळ्या वर्गासमोर म्हणालो, घरचं रडगाणं आलेखात आणायचं नसतं. वर्ग हसला. मग मी फळ्यावर मध्यकांची रेषा काढून दाखवली. ती तिच्या ठिपक्याच्या कितीतरी खालून गेली. म्हटलं, बघ, रेषेला तुझा ठिपका दिसतसुद्धा नाही. पुन्हा हसले. मीही हसलो. प्रकल्पात त्या ठिपक्यासमोर "मोजण्यातील चूक" असं लिहायला मी तिला सांगितलं, आणि तिने लिहिलं.

एवढंच असतं तर — तर कदाचित मी तो तास अजूनही घेत असतो. शिक्षक चुकतात. पण मी चुकलो नव्हतो. म्हणजे, चुकीत फार दिवस राहिलो नाही; खरं काय ते मला कळलं.

कारण ती मुलगी चुकणारी नव्हती, आणि हे मला माहीत होतं. काही दिवसांनी मी मीटर घेऊन एकटाच बोईसरला उतरलो, रिक्षा करून कुंभवलीला गेलो. हर्षला कॉलेजात असेल अशी वेळ मुद्दाम निवडली होती. तिची आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मुलीचे सर म्हटल्यावर लगबगीने उठली. मी म्हणालो, पाणी तपासायचंय. अंगणातल्या बोअरचा नळ तिनेच सोडला.

हर्षलाचाच आकडा आला. मीटर धुतला, पुन्हा बुडवला. तोच.

तिने स्टीलच्या पेल्यात तेच पाणी आणून दिलं. "उन्हातून आलात, पानी घ्या. जरा मचूळ लागेल, आमाला सवय हाय." आणि चहा टाकायला आत गेली. पेला माझ्या ओठांपर्यंत गेला होता. मी तो खाली आणला आणि जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला. पिऊ शकलो नाही — हे लक्षात घ्या. मी पिऊ शकलो नाही.

ती बाहेर आली. रिकामा पेला बघून तिला बरं वाटलं असावं. म्हणाली, "पोरगी मागे लागलेली, पानी पिऊ नका, दुसरीकडून आनू या. आता गप हाय. तुमी सांगितलं ना, मोजायला चुकली. चुकलीच ना ओ सर?"

"हो," मी म्हणालो. "चुकली."

चहा सोडलाय असं सांगून निघालो.

का? माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. कुठल्या कंपनीचा माणूस मला भेटला नव्हता, नोकरीही जाणार नव्हती. त्याच वर्गासमोर उभं राहून ती बरोबर होती एवढं म्हणावं लागलं असतं. फक्त एवढंच. तेवढंही मला जमलं नाही.

पुढच्या काही वर्षांत तिच्या आईची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि ती गेली. पाण्यामुळे, असं कुठला डॉक्टर म्हणाला नाही. मीही म्हणत नाही. मला ते माहीत असायला मार्ग नाही. मला एवढंच माहीत आहे की तिने मला विचारलं होतं. त्यानंतर कधीतरी त्या आळीतल्या बोअर, पाणी पिण्यालायक नाही म्हणून, लाल रंग मारून बंद केल्या. आता तिथे टँकर येतो.

हे सगळं मला हर्षलाकडून कळलं, गेल्या वर्षी. ती उमरोळीला दिली आहे. तिथल्या फलाटावर दुपारी तिनेच मला ओळखलं, बाकावर सरकून जागा दिली. आईचं सांगून झालं. मग म्हणाली, "सर, मी मोजलं तेव्हा पाणी चांगलंच होतं ना? नंतर बिघडलं असेल. नाय तर मी गप्प बसले नसते."

ती काय विचारत होती, कळलं ना तुम्हाला?

खरं बोललो असतो तर ती कोलमडली असती, असं मी नंतर स्वतःला पटवून पाहिलं. ते खोटं आहे. त्या बाकावर मला तिची काळजी नव्हती. मला फक्त तिथून उठायचं होतं.

"नंतरच बिघडलं," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. गाडी आल्यावर पिशवी उचलली, आणि जाताना माझे आभार मानले.