दोन्ही बाह्या उजव्या

मास्तर गेले, आणि भेटायला येणारा जो तो एकच बोलू लागला, "देवमाणूस हो!" मास्तरांची बायको नुसती मान डोलवायची. माणूस चांगला होता, यात शंकाच नाही. पण याच देवमाणसाने तिला फसवलं होतं, आणि हे समाचाराला आलेल्या माणसांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

मास्तर शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, मधे एक पडदा, त्याला कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. लग्न होऊन आली तेव्हा बायकोला धड सुई ओवता येत नव्हती. मास्तरांनी तिला काज-बटणापासून सगळं शिकवलं, आणि एकदाही आवाज चढवला नाही. मुलगी तापाने फणफणली की मशीन बंद. गिऱ्हाईक गेलं उडत, मास्तर तिच्या उशाशी. सगळ्या गल्लीचे कपडे वेळेवर, बायकोला मात्र नेहमीचं "उद्या देतो गं". त्यावरून दोघांची लुटुपुटूची भांडणं व्हायची.

कामाची रीत ठरलेली होती. मास्तरांनी टेप लावून माप बोलायचं, तिने वहीत लिहायचं. "छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही तेवीस." मास्तर एकदाच बोलायचे. तीस वर्षं तिने लिहिलं, आणि एका आकड्यावरून कधी कुणाची बोलणी खाल्ली नाहीत.

मग एका शिक्षकांचा कोट आला. ते घालून बघायला उभे राहिले, तर डाव्या हाताची बाही कोपरापाशी मागच्या मागे वळलेली! मास्तरांनी दोन्ही बाह्या उजव्या कापल्या होत्या, कापल्या त्या कापल्या, वर शिवूनही टाकल्या होत्या. आणि मास्तर हसून शिक्षकांना म्हणाले, "वहीत घोळ झाला. हिचं हल्ली लक्ष नसतं."

आता बाही डावी की उजवी, हे वहीत लिहितात का कुठे? तिच्या तोंडावर आलं होतं. पण चारचौघांत नवऱ्याची शोभा नको म्हणून ती गप्प बसली. तिथेच चुकली.

कारण पुढे ते रोजचंच झालं. "मी चौतीस बोललो, तू चव्वेचाळीस लिहिलंस." "अहो, तुम्ही चव्वेचाळीसच म्हणालात!" "मी? एवढ्या वर्षांत मी कधी चुकलोय?" खरंच, त्या कोटाआधी कधी चुकले नव्हते. गिऱ्हाइकं तोंडावर म्हणायला लागली, "वहिनी, वय झालं आता, आराम करा." मुलगी तिला डोळे तपासायला घेऊन गेली. डोळे ठणठणीत. मग कान. तेही ठणठणीत. म्हणजे आपलं डोकंच कामातून गेलं, असं तिने मनाशी धरलं. एक दिवस मास्तरांनी वही तिच्या हातातून काढून घेतली, "राहू दे, मीच लिहितो," म्हणाले. त्या दिवशी ती पडद्यामागे जाऊन ढसाढसा रडली.

पुढे एका सकाळी मास्तर दोरा आणायला गेले ते परत आलेच नाहीत. तीन गल्ल्या सोडून एका बाकावर सापडले, घर कुठलं ते आठवत नव्हतं. मायलेकी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी जुने कागद काढले आणि म्हणाले, "यांना विसरण्याचा आजार आहे हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की! मुलगी होती सोबत."

तिने मुलीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"बाबांनी शपथ घातली होती, आई."

"आणि माझे डोळे तपासायला घेऊन गेलीस? कानसुद्धा? लाज नाही वाटली गं?"

मुलगी खाली मान घालून बाबांचे कागद गोळा करू लागली.

त्यानंतर चार वर्षं तिने नवऱ्याचं सगळं केलं. घास भरवला, अंघोळ घातली, फाडफाड बोलली, आणि परत घास भरवला. तिला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं: चूक माझी होती, तुझी नव्हती. रोज विचारायची, "अहो, मी बरोबर लिहीत होते ना?" मास्तर विचारायचे, "काय लिहीत होता तुम्ही?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बायकोला अहो-जाहो!

शेवटच्या महिन्यातली दुपार. ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. मास्तर हळूच म्हणाले, "ताई, एक सांगू? माझी बायको मापात कधी चुकली नाही. मी चुकायचो. आकडा तोंडातून बाहेर पडला की मला आठवायचाच नाही. खापर तिच्यावर फोडलं."

तिचे हात थांबले. "मग तिला सांगायचं होतं."

"कसं सांगणार? ती मला फार मोठा कारागीर समजते."

"तिला वाटलं, तिला वेड लागतंय."

"माहितीये. डोळे तपासून आली ना, तर मलाच हसून म्हणाली, डोळे चांगले आहेत हो, डोकंच वाईट. मी बघत होतो. गप्प बसलो."

म्हणजे बघत होते! इतकी वर्षं तिने निदान एवढी तरी समजूत घातली होती, की त्यांच्या लक्षात आलं नसेल.

"फसवलंत तुम्ही तिला," ती म्हणाली. आवाज तिचाच तिला ओळखू येईना.

"हो," मास्तर म्हणाले. "आज तिची माफी मागणार आहे." आणि ते नीट सावरून बसले, दाराकडे तोंड करून.

"अहो, मीच ती. माझ्याकडे बघा. मीच आहे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे. "बसा ताई तुम्ही," ते म्हणाले. "येईलच ती एवढ्यात."