रांधपी खाली आसा

समुद्राला भिणाऱ्या माणसाने तांडेलाची मुलगी करू नये. मी केली.

माझं गाव आतलं, वालावलच्याही पलीकडचं. पाण्याशी आमचा संबंध भाताच्या लावणीपुरता, म्हणजे गुडघ्याएवढा. मास्तरकीची नोकरी लागली मालवणात आणि भाड्याचं घर मिळालं ते बंदराला इतकं लागून, की भरती आली की लाट उशीखाली आल्यासारखी वाटे. सासरे तांडेल होते, म्हणजे शिडाच्या तारवाचे कप्तान. कौलं घेऊन मुंबईकडे जायचे, किराणा भरून परत यायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला खाडी उतरताना मी होडीत त्यांच्या कोऱ्या धोतरावर ओकलो. त्यांनी सोगा खाडीत खळबळला, पिळला आणि मुलीला म्हणाले, "जावय बरो आसा गो. फकत सुको ठेवूक होयो."

हे वाक्य मला फार लागलं. दर्यात जाऊन पराक्रम करणं शक्य नव्हतं, तेव्हा घरात बसून करायचं ठरवलं. सासऱ्यांचं तारूच लाकडात करायचं, हातभर लांबीचं. त्यावर सगळी माणसं, बोटभर उंचीची, आणि प्रत्येकाचा चेहरा असा की बघताक्षणी ओळखावा. या कामाचं माझं शिक्षण म्हणजे लहानपणी गावच्या गणपतीच्या शाळेत रंगवलेले उंदीर. गणपतीला मला हात लावू देत नसत.

तो पावसाळा सांगाड्यात गेला. खरं तारू तेव्हा किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली शाकारलेलं होतं. मी दोरीने मापं घ्यायला शिडी लावून त्यावर चढलो. तारू कोरड्या वाळूत रुतलेलं, तरी मला भोवळ आली. पांगाऱ्याचा ओंडका आणून तो बाहेरून तासला. आतून पोकळ करण्याची माझी छाती झाली नाही. भरीवच ठेवला आणि वरून फळीची पातळ पट्टी बसवली. बायकोने तो उचलून पाहिला. "दिसाक तारू आसा, वजनाक पाटो," ती म्हणाली.

मग मोसम सुरू झाला. तारू महिन्यातून एकदा बंदरात यायचं, दोन-चार दिवस थांबायचं, आणि त्यात एक माणूस माझ्यासमोर पडवीत बसायचा. महिन्याला एक माणूस, याहून माझा वेग कधी वाढला नाही. कार्तिकात सासरे झाले. मार्गशीर्षात सुकाणूवरचा, त्याच्या तोंडावर देवीचे वण होते, ते मी टाचणीने पाडले आणि तो इतका खूश झाला की सगळ्या बंदराला सांगत सुटला. पौषातल्या माणसाचं नाक दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा मी त्याला जरा नकटाच ठेवला, तर त्याची बायको म्हणाली की आता हुबेहूब झाला. कुंचल्यासाठी केस हवे होते. शेजारच्या मांजरीला सुकट घालून ते मिळवत होतो. पुढेपुढे ती मला पाहून कौलांवर जायची.

डोळे मात्र कुणाचेच काढले नव्हते. गणपतीच्या शाळेत शिकलेला एवढा एक नियम मी पाळत होतो: डोळे शेवटी. डोळे उघडले की मूर्ती आपली राहत नाही, असं तिथले म्हातारे मूर्तिकार सांगायचे. सासऱ्यांना हे पटलं. "बरां तर. मोसम संपवून इलाव की सगळ्यांचे एकदम उघड," ते म्हणाले. "तवसर आमी न्हिजलेले."

चैत्रापर्यंत तारवावर सहा माणसं उभी राहिली. सातवा राहिला तो रांधपी, तारवावर सगळ्यांचं जेवण करणारा पोरगेला खलाशी. निघताना तो पडवीत डोकावला.

"मास्तरांनू, फुडच्या खेपेक माजो नंबर मा?"

"तुझाच."

"माका जरा जाडो करा. घराकडे आवस म्हणता, तू सुकलंस."

तारू गेलं, आणि वैशाख सरता सरता वारा फिरला. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. एकेक करून बाकीची तारवं आली, माणसांनी ओढून वाळूवर घेतली, झापं चढली. आमचं आलं नाही. विचारायला गेलं की प्रत्येक तांडेल आपल्याला शेवटचं कुठे दिसलं ते सांगायचा, आणि दर वेळी ते 'कुठे' थोडं उत्तरेला सरकायचं. मला सुट्टी होती. मी दिवसभर पडवीत बसून समुद्राकडे पाठ करायचो.

बायकोने लाकडी तारू भिंतीवरच्या फळीवरून काढून देवाजवळ पाटावर ठेवलं. मी विचारलं, का? म्हणाली, "वर वारो लागता."

तिथून माझी खरी भीती सुरू झाली. कारण दुसऱ्या दिवशी सुकाणूवाल्याची बायको आली, कोकम घेऊन आल्याचं निमित्त करून. पाटासमोर बसली. आपला नवरा शोधला, वण पाहिले. मग हळूच म्हणाली, "डोळे कित्याक नाय ओ ह्येका?"

"शेवटी काढायचे असतात."

"सुकाणूर आसा मा तो?"

आंधळ्या माणसाच्या हाती सुकाणू देऊन मी तारू सोडलं होतं, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता ते निघेना. बायको म्हणाली, उघडूया का डोळे? पण सासऱ्यांनी सांगितलं होतं, आल्यावर. आणि माझा हात असा थरथरत होता की त्या दिवशी डोळे काढले असते तर सगळं तारू तिरळं झालं असतं.

मग तारवावरच्या सगळ्यांच्याच घरच्या बायका येऊ लागल्या. कुणी रडत नव्हतं. उलट चेष्टा चालायची. "माज्या घोवाक तांबडो सदरो कधीच नव्हतो. आसलो तर दुसऱ्या घरी ठेयलेलो आसतलो." नकट्याची बायको म्हणाली, "माजो कसलो बुडता! नाकात पाणी जावक नाक तरी होया मा?" सगळ्या हसल्या. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

सगळ्यात शेवटी रांधप्याची आई आली. विधवा, घरात दुसरं कुणी नाही. तिने पाटाभोवती एक फेरी मारली. मग उलटी दुसरी मारली. माणसं तिला मोजता येत होती.

"मास्तरांनू, माजो खंय?"

खरं सांगायचं तर एवढंच होतं, की बाई, तुमच्या मुलाचा महिना अजून आलेला नाही. पण त्या घोळक्यात, त्या दिवसांत, ते वाक्य तोंडातून निघेना. सहा जण तारवावर आहेत आणि एक नाही, हे मी माझ्या तोंडाने कसं म्हणणार होतो? मी म्हणालो, "तो खाली आसा. रांधता."

माझी मालवणी तेव्हा कच्चीच, पण एवढं बिनचूक आलं.

म्हातारी सैल झाली. "खाली आसा? मग बरां. खाली भिजाचो नाय." तिने फळीवर हात ठेवला, जशी आपण झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतो तसा. बायको माझ्याकडे बघत होती. तारू पाट्यासारखं भरीव आहे, हे घरात तिला आणि मलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी रोज संध्याकाळी येऊ लागली. पदरात उकडे तांदूळ बांधून आणायची आणि चिमूटभर तारवाच्या फळीवर ठेवायची. रांधूक. सकाळी ते दाणे मी झाडायचो. रात्री वारा वाढला की मला वाटे, मी त्या पोराला खाली ठेवला खरा, पण तारू बुडतं तेव्हा खालचा माणूस पहिला जातो. आणि माझ्या तारवाला तर खालीच नाही. मी त्याला कुठे ठेवला होता?

शेवटी, ज्याला वेडेपणा म्हणता येईल असा एक निर्णय मी भरदिवसा, पूर्ण शुद्धीत घेतला. तारू खालून कोरायचं, पोकळी करायची, एक रांधपी घडवून आत ठेवायचा, म्हणजे मी सांगितलेलं खरं होईल. बायको देवळात गाऱ्हाणं घालायला गेली होती, सगळ्या बायकांबरोबर. मी पडवीत बसलो, तारू मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि पटाशी लावली.

पांगारा मऊ लाकूड. भराभर निघत होतं. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं, हात थरथरत नव्हता. पेटीतला गूळ खाणाऱ्या पोरासारखा मी रमलो होतो, आणि समोर सावली पडली म्हणून वर पाहिलं. बायको प्रसादाचा नारळ हातात घेऊन उभी होती. तिच्या बापाचं तारू माझ्या मांडीवर पालथं पडलेलं. तिचा बाप, आणि त्याच्याबरोबरचे पाचजण, डोकी खाली करून लोंबत होते.

तिच्या तोंडाकडे पाहून माझी पटाशी सरकली. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत एका कुशीवर सरळ भेग गेली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. फार मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नारळ खाली ठेवून ती म्हणाली, "आधी सुलटां करा."

मी सुलटं केलं.

"आता सरस कढवा."

मी चुलीवर सरस पातळ करून आणला, भेगेत सोडला, वरून गळाची दोरी गुंडाळली. दोरी पुरेशी आवळेना. तेव्हा ती खाली बसली, तारू मांडीवर घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी दोन्ही बाजू दाबून धरल्या. सरस वाळायला वेळ लागतो. मी म्हटलं, मी धरतो. "तुमचे हात हलतत," ती म्हणाली. तेवढ्यावर संध्याकाळ झाली आणि म्हातारी तांदूळ घेऊन दारात उभी राहिली.

तिने भेग पाहिली. वाकून एक डोळा मिटून आत पाहू लागली. आत मी अर्धवट कोरलेला खड्डा होता, रिकामा.

"दिसणा नाय माका. काळोख आसा," ती म्हणाली. "काय करता तो?"

माझी बायको हात न काढता म्हणाली, "पाणी उपसता, मावशे. हलव नको त्येका."

म्हातारीने तांदूळ फळीवर ठेवले आणि तीही शेजारी बसली. त्या दोघींकडे बघून मला जी भीती वाटली, ती समुद्राची नव्हती. मी एक खोटं बोललो होतो आणि आता घरातली दोन माणसं ते दोन्ही हातांनी धरून बसली होती. सुटलं असतं तर?

पुढे तीन-चार दिवस गेले असतील. एस. टी.चा कंडक्टर घर विचारत आला. वाऱ्यात सुकाणू निकामी झालं म्हणून तारू विजयदुर्गच्या खाडीत शिरलं होतं. भरतीबरोबर आत आत जात थेट खारेपाटणला चिखलात टेकलं होतं. माणसं सगळी आहेत, मागच्या गाडीने येतायत. बायकोने त्याला गूळपाणी दिलं, आत गेली, आणि मग तिचा रडण्याचा आवाज आला. सगळ्या दिवसांतला पहिला.

ती माणसं उतरली तेव्हा सासऱ्यांचा रंग हिरवा-पिवळा होता. रांधपी म्हणाला, "तांडेल दर्यात हलले नाय, पण गाडीत बसल्यापासून ओकतत." मी पाण्याचा तांब्या पुढे केला. एक अक्षर बोललो नाही. तेही नाही.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. रांधपी आला तो आईचा हात धरून, खरं तर आईने त्याचा धरला होता.

"तू खाली होतंस मा?" तिने सगळ्यांसमोर विचारलं.

"खाली? वर होतंय, दोरी धरून. खाली कोण मराक जाता?"

आता सगळं उघडं पडलं, म्हणून मी खुलासा करायला तोंड उघडलं. म्हातारीने मला गप्प केलं. "ऱ्हवांदे. तुमी खाली म्हटलास म्हणान मी न्हिजलंय तरी. तेका थंयच ठेवा. माका तो खालीच बरो."

म्हणून रांधपी शेवटी झाला, ज्येष्ठात, पाऊस लागल्यावर. चांगला जाडा केला. समोर बसून तो म्हणाला, "मास्तरांनू, आत ठेवच्या आदी डोळे उघडा. काळोखात रांधूक डोळे होये." तेव्हा पहिले डोळे त्याचे उघडले. मग पोकळी साफ करून त्याला आत सरसाने उभा केला आणि खालून पट्टी ठोकली. बाकीच्यांचे नंतर. सासऱ्यांचा डावा डोळा जरा मोठा झालाय, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते अंगठा फिरवत होते भेगेवरून.

"ही कधी पडली?"

मी बायकोकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"सुकताना, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी तारू सांभाळून पाटावर ठेवलं.

तारू अजून कपाटावर आहे. आतला सरस कधीतरी सुटला असावा. उचललं की आत काहीतरी टकटक वाजतं. नातवंडं आली की कानाशी धरून हलवतात, आणि कुणी ते उलटं करायला गेलं की स्वयंपाकघरातून, न बघता, बायकोचा आवाज येतो, "सुलटां धर रे. तो रांधता थंय."