वसुधाने गाडीचा एसी काढला तेव्हा

वसुधाच्या नवऱ्याचा, अरविंदरावांचा, फोन आला तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. एरवी ते आधी थंडी-उन्हाळ्याचं विचारतात, मग हळूहळू मुद्द्यावर येतात. त्या सकाळी एवढंच म्हणाले, "शैलाताई, वसुधा गेली... चहा घेता घेता." मला काही सुचायच्या आत त्यांचाच आवाज पुन्हा आला, "कप अर्धा राहिलाय तिचा. त्याचं काय करायचं कळत नाहीये." मी लगेच गुडगावला निघाले. घरात माणसं जमली होती, शाळेत तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली आल्या होत्या, त्यांनाही आता नातवंडं आहेत. कुणी तिच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी तिच्या पुरणपोळीबद्दल. सगळं खरंच होतं. पण मला सारखी दिसत होती ती अँबॅसिडरच्या उघड्या बॉनेटमध्ये वाकलेली वसुधा, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. आता काही आठवडे झाले, तरी तिच्याबद्दल लिहायला बसले की तीच आधी समोर येते.

आमची ओळख सरोजिनी नगरच्या बाजारात झाली. एका ठेलेवाल्याशी ती फर्ड्या हिंदीत हुज्जत घालत होती आणि मधेच मराठीत स्वतःशी पुटपुटली, "मेला बनवतोय मला." मी हसले, तिने वळून पाहिलं, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत कळलं की आम्ही दोघी एकाच शाळेत रुजू होणार आहोत, ती फिजिक्सला, मी इतिहासाला. आमची सरकारी क्वार्टर्सही जवळजवळच होती. तिला वस्तू उघडून बघायचा नाद होता. नाद म्हणजे अगदी असह्य. माझा टोस्टर ती "दोन मिनिटांत देते" म्हणून घेऊन गेली, तो मला परत मिळाला तेव्हा आतली एक पट्टी जास्तीची उरली होती. टोस्टर चालायचा, पण ब्रेड एकाच बाजूने भाजायचा. "अच्छा, म्हणजे ती पट्टी दुसऱ्या बाजूची होती," एवढंच ती म्हणाली. तिला वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला होता.

नव्वदीच्या दशकात सगळ्यांच्याच घरात हालचाल सुरू झाली. अरविंदराव सरकारी नोकरी सोडून मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका नव्या कंपनीत गेले, आणि वसुधाचं बिऱ्हाड क्वार्टरमधून गुडगावच्या एका नव्या सोसायटीत हललं. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, समोर मोहरीचं शेत, शेताच्या पलीकडे अर्ध्या बांधलेल्या इमारती. सासूबाई, म्हणजे माई, म्हणायच्या, "घर छान आहे, फक्त गाव अजून यायचंय." अरविंदराव कंपनीच्या बसने जात, त्यामुळे जुनी अँबॅसिडर वसुधाकडे आली. चाळिशीनंतर ती गाडी शिकली होती. रोज गुडगावहून निघायची, मला सरोजिनी नगरला उचलायची आणि आम्ही शाळेत जायचो. पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या छोट्या चकचकीत गाड्या उभ्या राहू लागल्या, तसं अरविंदरावांना आपली गाडी डोळ्यांत खुपू लागली. एका रविवारी ते ती घेऊन गेले आणि संध्याकाळी एसी बसवून आणली. डॅशबोर्डखाली एक मोठा काळा डबा लटकत होता, त्याला चार जाळ्या आणि एक गोल बटण. वसुधाला त्यांनी खाली बोलावलं, काचा वर केल्या, बटण फिरवलं. तिच्यासाठी न मागता आणलेली ती त्यांची पहिली वस्तू असावी. तिने हात जाळीपुढे धरला आणि म्हणाली, "थंड आहे." मग लगेच विचारलं, "इंजिनावर लोड किती येतो याचा?"

लोड बराच येत होता. हिवाळाभर कळलं नाही. एप्रिल लागला आणि धौलाकुआंच्या ट्रॅफिकमध्ये गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. एसी बंद ठेवला तरी फारसा फरक पडेना. आम्ही डिकीत पाण्याचे कॅन घेऊन फिरू लागलो. अरविंदराव म्हणाले, गाडी विकून टाकू, तू चार्टर्ड बसने जा. वसुधाने डिकीत आणखी एक कॅन ठेवला. ती गाडी तिची झाली होती, हे त्यांना कुठे माहीत होतं...

मग तो मे महिन्यातला दिवस आला. माईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि हिंदूराव हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या मराठी डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. सुट्टी लागली होती, म्हणून मीही सोबतीला गेले. माई माहेरच्या ग्वाल्हेरच्या. वाटेत त्यांनी आम्हाला ऐकवलं की हा हिंदूराव म्हणजे त्यांच्याच गावचा माणूस, इथे टेकडीवर मोठं घर घेऊन राहिला. "आपलाच दवाखाना म्हण ना," असं म्हणत होत्या तोवर त्या टेकडीच्या, रिजच्या, चढावर गाडीने आचका दिला आणि थांबली. बॉनेटखालून वाफेचा लोट निघाला. भर दुपार, वारा म्हणजे भट्टीतला. आम्ही माईंना झाडाखाली नेलं, पदर ओला करून डोक्यावर ठेवला. त्या आधी हसत होत्या, मग त्यांचं बोलणं तुटक झालं, मग थांबलंच. डोळ्यावर हिरवी पट्टी, ओठ पांढरे. वसुधाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक ऑटो अडवला. हॉस्पिटलमध्ये सलाइन लागल्यावर माईंना हुशारी आली. पलंगाशेजारी उभी असलेली वसुधा त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "शैला, मी तो एसी काढणार."

अरविंदराव तेव्हा दौऱ्यावर होते. गाडी निवल्यावर कॅनमधलं पाणी ओतून वसुधाने ती संध्याकाळी कशीबशी घरी आणली होती. माईंना घरी आणून त्या नीट जेवायला लागल्यावर आम्ही दोघी गाडी घेऊन गुरमीत नावाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने वसुधाचं म्हणणं दोनदा ऐकलं. "मैडमजी, दुनिया लगवाने आती है. आप उतरवाने आई हैं?" वसुधा म्हणाली, "उतरवाने नहीं, उतारने. आप बस साथ रहिए." तो नळीचा नट सैल करून गॅस हवेत सोडून द्यायला निघाला, सगळे तसंच करायचे. वसुधाने त्याचा हात धरला. नववीच्या मुलींना तिने नुकताच ओझोनचा थर शिकवला होता, आणि याच गॅसने तो फाटतो हे त्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. "मी सुट्टीनंतर त्यांच्यासमोर उभी कशी राहू?" हे ती मला मराठीत म्हणाली. गुरमीतला कळलं नाही, पण तो थांबला.

तिने जे केलं ते मी आजही लोकांना सांगते. शेजारच्या फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तिने गॅसचा रिकामा सिलिंडर आणि नळी मागून आणली. मला शिकंजीच्या, म्हणजे लिंबूसरबताच्या, ठेल्यावर पिटाळलं, मी बादलीभर बर्फ घेऊन आले. सिलिंडर बर्फात उभा करून तिने नळी एसीला जोडून घेतली. "गाडी तापलेली, सिलिंडर गार. गॅसला कुठे जावंसं वाटेल?" मी इतिहासाची बाई, मी म्हटलं, गारव्याला. "बिल्कुल," ती म्हणाली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली. आम्ही तिघं त्या बादलीकडे बघत बसलो. काही दिसत नव्हतं, तरी तिथून हलवत नव्हतं. शेवटी शेजारून फ्रिजवाला आला, त्याने सिलिंडर उचलून बघितला, जड झाला होता. थोडा गॅस उडालाच असेल, सगळा नाही येत असा, हे तिनेच नंतर सांगितलं. मग पट्टा निघाला, दोन-तीन विटांइतका जड कॉम्प्रेसर निघाला, आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेली जाळी निघाली. तिच्या फटींत धूळ, कडुनिंबाची पानं आणि मेलेली फुलपाखरं गच्च बसली होती. वसुधाने ती उन्हात धरली, पलीकडचं काही दिसेना. "बघ, नाकावर उशी ठेवून पळायला लावत होतो हिला." नळ्यांसाठी पाडलेल्या भोकांना तिने जुन्या चपलेच्या रबराची बुचं कापून बसवली. परतताना काचा खाली होत्या, गरम वारा तोंडावर येत होता, आणि तापमानाच्या काट्याकडे बघत ती जाणूनबुजून धौलाकुआंच्या गर्दीतून गेली. काटा मधेच राहिला.

अरविंदराव शनिवारी परतणार होते. वसुधाने मला थांबवून घेतलं. "तू अस, यार. तुझ्यासमोर ते ओरडणार नाहीत." ओरडले नाहीतच. गाडीतलं काहीतरी घ्यायला म्हणून खाली गेले, बराच वेळ आले नाहीत. वर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "मला विचारायचं तरी," ते म्हणाले.

"तुम्ही बसवताना मला विचारलंत?" वसुधा म्हणाली. "फिट्टंफाट झाली."

मला उठून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात आतून माई काठी टेकत आल्या आणि रिजवर काय झालं ते त्यांनीच लेकाला सांगितलं. फोनवर त्याला कुणी काही कळवलं नव्हतं. अरविंदराव खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "कुठंय तो?" वसुधाने त्यांना बाल्कनीत नेलं. जुन्या चादरीवर तिने सगळे भाग ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने मांडून ठेवले होते. ते ज्या कंपनीत होते तिथे असे भाग रोज ट्रकने बाहेर पडत, पण ते अकाउंट्सचे माणूस, त्यांनी एकही हातात घेतला नसावा. "हे काय करतं?" त्यांनी विचारलं. ती सांगू लागली. मग ते दुसऱ्याकडे बोट दाखवत, ती सांगे. गॅस दाबला की तापतो, पसरला की गार होतो, हे ती त्यांना सायकलच्या पंपाचं उदाहरण देऊन समजावत होती. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, पण तिचा तास ते पहिल्यांदाच ऐकत असावेत. मी चहा करून आणला तर दोघांनाही कळलं नाही.

गुडगावात तेव्हा वीज जायची म्हणजे जायचीच. सोसायटीत जनरेटर यायचा होता. त्या काळ्या डब्यातला पंखा वसुधाने वेगळा केला, गाडीच्या जुन्या बॅटरीला जोडला आणि माईंच्या उशाशी एका स्टुलावर बसवला. बॅटरी चार्ज करायचं काम अरविंदरावांनी स्वतःकडे घेतलं. माई त्या पंख्यापुढे बसून जप करायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "मोटारीचा वारा घेतेय." पुढची तीन-चार वर्षं, त्या होत्या तोवर, तो चालला.

वसुधाची अँबॅसिडर नंतर बरीच वर्षं धावली. पुढे नवी गाडी आली, तिच्यात कंपनीतूनच एसी होता आणि ती तो मजेत लावायची. मी चिडवलं तर म्हणाली, "मी एसीच्या विरुद्ध कधी होते? त्या गाडीला तो झेपत नव्हता, एवढंच."

मागच्या आठवड्यात मी अरविंदरावांकडे गेले होते. दिवसांसाठी आलेली त्यांची मुलगी परदेशी परत गेली आहे, ते एकटेच असतात. दार उघडून लगबगीने आत गेले, म्हणून मीही मागे गेले. डायनिंग टेबलावर मिक्सर उलटा पडला होता, तळाचं झाकण निघालं होतं आणि स्क्रू एका वाटीत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, चष्मा कपाळावर, एक डोळा मिटून आत बघत होता.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाही हो. चांगला चालू आहे." त्यांनी मान वर केली नाही. "बघत होतो फक्त... आत काय असतं ते." मग त्यांनी टॉर्च माझ्याकडे सरकवला. "जरा धरता? इथे एक लाल वायर आहे, ती कुठे जाते ते कळत नाहीये."

मी खुर्ची ओढली आणि टॉर्च धरला.