रशीदमामा आणि वाटेत बंद पडणारी गाडी

शनिवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला आणि त्यावर रशीदमामांचं नाव दिसलं, म्हणून समोरचं काही ऐकून न घेताच मी नेहमीसारखं सांगून टाकलं, "पोचलो मामा. वाटेत काही त्रास न्हाई." पलीकडून एका बाईचा आवाज आला. "मी त्यांची मुलगी, नसरीन. अब्बा काल गेले." मी शिरूरच्या डायलिसिस सेंटरच्या व्हरांड्यात उभी होते. आत आमच्या ह्यांच्या हातात सुया घालून झाल्या होत्या, मशीन सुरू झालं होतं. दफन दुपारी दौंडला होतं आणि यांचं मशीन चार तास थांबणार नव्हतं. मी गेले नाही… जाता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे, तरी सांगताना दरवेळी खाली बघून सांगते.

रशीदमामा आमचे नात्याचे कुणी नव्हते. शिरूरला बाजाराच्या मागच्या बाजूला त्यांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. घर दौंडला. आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे आणि शुक्रवारी घरी जायचे. मला ते भेटले दोन वर्षांपूर्वी. आमचे हे रांजणगावच्या एका कारखान्यात होते, आम्ही कारेगावला खोली घेऊन राहत होतो. मग किडन्या गेल्या आणि आम्ही गावी, कवठे येमाईला परतलो. आठवड्यातून तीन दिवस शिरूर गाठायचं. एसटीच्या वेळा जुळेनात, दुसऱ्याच्या गाडीचा भरवसा नाही, म्हणून एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि शिवणकामाच्या मशीनवर बसणारी मी एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. आमच्याच आळीतल्या निवृत्तीआप्पांनाही डायलिसिस लागायचं. तेही मागच्या सीटवर यांच्या शेजारी बसू लागले.

पहिले दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी मलठण सोडल्यावर गाडी आचके द्यायला लागली. रेस दाबली तरी पिकअप नाही, जरा पुढं जाऊन बंदच. मी स्टार्टर मारून मारून दमले. दहा-पंधरा मिनिटांनी, काही झालंच नाही अशी ती एका फटक्यात सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, मग काही दिवस काहीच नाही, मग लागोपाठ दोनदा. ज्या मेकॅनिककडे न्यावी त्याच्यासमोर ती झकास चालायची. एकानं फिल्टर बदलला, दुसऱ्यानं बॅटरीच्या वायरी घट्ट केल्या. तिसरा म्हणाला, "ताई, तुम्ही क्लच सोडताना चुकताय." मला ते खरंच वाटलं. गाडी चालवताना माझं लक्ष रस्त्यापेक्षा इंजिनाच्या आवाजाकडे लागलेलं असायचं. जरा आवाज बदलला की आरशात यांचं तोंड बघायची. डायलिसिस चुकलं की यांच्या अंगात पाणी साचतं, झोपवलं की दम लागतो. ते एकदा बघितलेल्या माणसाला पंधरा मिनिटं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही.

कुणीतरी रशीदमामांचं नाव सुचवलं. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. डिझेलचे चार थेंब बोटांवर घेऊन चोळले, वास घेतला, उजेडात धरून पाहिलं. मग इंजिन सुरू ठेवून, सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. "ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत न्हाई, त्यो सिलिंडर काम करत न्हाई," हे त्यांनी मला समजावून सांगितलं. इतक्या मेकॅनिकांत मला काही समजावणारे ते पहिलेच. चारही सिलिंडर नीट होते. शेवटी त्यांना टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप कमजोर सापडला. तो बदलला आणि हात पुसत म्हणाले, "झालं ताई. आता बिनघोर जावा."

त्या बिनघोर जाण्याच्या तिसऱ्या खेपेला गाडी पुन्हा बंद पडली. त्या दिवशी यांना सकाळपासूनच दम लागत होता. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. यांचे ओठ निळसर दिसायला लागले आणि निवृत्तीआप्पा एवढ्या वयाचे, स्वतः आजारी, रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. एक दुधाचा टेम्पो थांबला. रिकाम्या कॅनना यांना टेकवून आम्ही सेंटर गाठलं. ऑक्सिजन लावला, मशीन लागलं आणि तासाभरानं यांच्या तोंडावर रंग आला. मग मी बाहेर येऊन मामांना फोन केला. काय बोलले ते मला धड आठवत नाही. बरं बोलले नसणार.

ते पायी आले. हात तसेच काळे. व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं, ताई. एक खराबी सापडली आन् मी तिथंच थांबलो. दुसरी हाय का, बघितलंच न्हाई." मला भांडायचं होतं. पण इतक्या सरळ कबुलीपुढं भांडणार काय? मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाडी बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं? किती किलोमीटर चालून झाले होते? चढ होता का? बंद पडायच्या आधी आचके दिले का एकदम गेली? प्रत्येक वेळचं आठवून मी सांगत होते आणि ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कायतरी आडवं येतंय आन् पुन्हा बाजूला जातंय. खराबी जागेवर बसलेली असती तर गाडी पुन्हा चालूच झाली नसती. हिला चालताना पकडायला पायजे. मी तुमच्यासंगं येतो."

आणि ते खरंच आले. डायलिसिसच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं कवठ्याला यायचे आणि माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसून शिरूरला परत. टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये त्यांनी एक मऊ, पारदर्शक नळी जोडली आणि ती बॉनेटच्या फटीतून वर काढून, काचेवरून वळवून पुन्हा आत नेली. आमच्या डोळ्यांसमोर काचेच्या पलीकडून पिवळसर डिझेल धावत असायचं. मामा पुढं वाकून त्या नळीकडं बघत बसायचे. सगळा रस्ता, एकदाही मान न वळवता. माझी एक नजर रस्त्यावर, एक नळीवर. दुसऱ्या खेपेला निवृत्तीआप्पा म्हणाले, "मामा, माझं रगात बी त्या मशिनीतनं असंच नळीतनं फिरतंय. तिथं कोण बघत बसतंय का असं?"

"बघत असणार आप्पा," मामा नळीवरची नजर न काढता म्हणाले. "बघायलाच पायजे."

तीन खेपा काही झालं नाही. मला वाटायला लागलं, हा माणूस गाडीत आहे तोवर गाडी बंद पडणार नाही आणि तो उतरला की पडणार. गाडी बंद पडावी म्हणून जीव तुटत होता आणि पडू नये म्हणूनही. चौथ्या खेपेला मलठणच्या पुढं इंजिनानं आचका दिला. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. "रेस सोडू नका. बघा, नळीकडं बघा." नळीत एकही बुडबुडा नव्हता. डिझेल जागच्या जागी थांबलं होतं आणि ती मऊ नळी, आतून कुणी ओढून घ्यावी तशी, चपटी होत चालली होती. इंजिन बंद पडलं. मामा जवळजवळ ओरडलेच, "हवा न्हाई घेत! हवा असती तर बुडबुडं दिसलं असतं. टाकीतच कायतरी पाइपाच्या तोंडावर बसतंय!"

खाली उतरून त्यांनी नळी सोडवली, तिच्यातली ओढ गेली, लाइन पुन्हा जोडून इंजिनाजवळच्या छोट्या हातपंपानं डिझेल वर आणलं आणि गाडी सुरू झाली. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या दुपारी दुकानात टाकी उतरवली. रिकामी करून, उलटी करून हलवली तेव्हा खाली पडली ती कुठल्याशा डब्याच्या तोंडावरची पातळ चंदेरी झिल्ली, जुन्या रुपयाएवढी. आधीच्या मालकानं कधी काहीतरी ओतताना ती टाकीत गेली असणार. इंजिन डिझेल ओढायला लागलं की ती तरंगत जाऊन पाइपाच्या तोंडावर चिकटायची. इंजिन बंद झालं, ओढ थांबली की सुटून खाली. एवढंच होतं. एवढ्याशा कागदानं आम्हाला तीन महिने झोप लागू दिली नव्हती.

मला हसू आणि रडू एकदम आलं. मामांना दोन्ही आलं नाही. मी विचारलं, "आता झालं ना?" तर म्हणाले, "दहा खेपा बघू." त्या दहाही खेपांना ते सव्वानऊला फोन करत राहिले. पोचलात का? अकराव्या खेपेलाही केला. मग केलाच. दीड वर्ष.

एवढी काळजी का, ते मला एकदाच कळलं. टाकी वाळत ठेवली होती, यांचं मशीन संपायला वेळ होता आणि दुकानाबाहेर आम्ही दोघं चहा पीत होतो. मामा आपणहून सांगायला लागले. तरुणपणी ते दौंडला एका मोठ्या गॅरेजमध्ये कामाला होते. भाजीच्या टेम्पोवाल्याची हीच तक्रार होती, गाडी मधेच बंद पडते. मामांनी नोझल साफ केले, एक चक्कर मारली, गाडी चालली. "मी त्याला बोललो, झालं, जा." टेम्पो वरवंडजवळ हायवेवर बंद पडला. तो खाली उतरून बॉनेट उघडत होता तेवढ्यात मागून गाडी आली. जीव वाचला, उजवा पाय गेला. "मी दवाखान्यात गेलो तर त्योच मला म्हणतो, भाई, तुमचा काय दोष. कुणीच मला काय बोललं न्हाई, ताई. बोलायला पायजे व्हतं." त्यानंतर दौंडात हातात पाना धरवेना म्हणून ते शिरूरला आले. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा 'झालं, जावा' हे शब्द त्यांच्या तोंडातून निघाले ते माझ्यापाशी… ते का निघाले, हे त्यांनाही सांगता आलं नाही. "तुम्ही लई घाबरला व्हता. तुम्हाला धीर द्यावा वाटला," एवढंच म्हणाले. मग कप खाली ठेवून पुन्हा टाकीकडं गेले.

ते गेले त्या शुक्रवारी नमाज पढून दौंडच्या घरी आले, जेवायला बसले आणि छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नसरीन सांगत होती, महिनाभर जिना चढताना थांबायचे, विचारलं तर म्हणायचे, काही नाही. दुसऱ्याच्या गाडीला इतके प्रश्न विचारणारा माणूस… पुढचं मला लिहवत नाही.

पाच आठवड्यांनी, एका रविवारी, मी दौंडला गेले. इतक्या लांब एकटी कधी गाडी घेऊन गेले नव्हते. न्हावरा करत चौफुल्याला हायवेला लागले आणि पुढं वरवंड आलं. टेम्पो नेमका कुठं थांबला होता ते मामांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळाच रस्ता मला ती जागा वाटत होता. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. मी कडेला न थांबता दौंडपर्यंत गेले.

मामी पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या, पांढऱ्या ओढणीत. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो, पण त्यांनी आधी विचारलं ते यांच्या तब्येतीचं आणि मग निवृत्तीआप्पांचं, नावानिशी. मी दफनाला आले नाही त्याची माफी मागायला लागले तर त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "त्या दिवशी तुम्ही तुमच्या मालकांना सोडून आला असता, तर आमचे हे कबरीतनं उठून रागावले असते." मग म्हणाल्या, "गाडी आणली का?"

"आणलीय. दारात हाय."

"घरी आलं की तिचंच सांगत बसून लई जेवणं गार केली त्यांनी. मी कवा बघितली न्हाई, ऐकली बी न्हाई. आता हे गेल्यावरची चार म्हैने धा दिवसांची इद्दत संपंपर्यंत मला दाराबाहेर येता येत न्हाई." त्या उठून दारापर्यंत आल्या आणि पडद्याच्या आत उभ्या राहिल्या. "जरा चालू करता? मी इथनं ऐकते."

मी गाडीत जाऊन बसले. किल्ली लावली. आज नाही झाली तर? आज, या दारात, पडद्यामागं त्या कान लावून उभ्या असताना? पहिला फटका नुसताच गेला. दुसऱ्याला इंजिनानं धरलं, थोडं खडखडलं आणि मग एका लयीत आलं. गल्लीतली एक-दोन माणसं वळून बघायला लागली. पडद्याच्या कडेला मामींची चार बोटं दिसत होती.

नसरीन पायरीवर येऊन म्हणाली, "अम्मी विचारतीय, आवाज असाच पाहिजे ना?"

मी ऐकलं. एकेका सिलिंडरचा ठोका ऐकला.

"व्हय," मी म्हणाले. "असाच पायजे."

पडद्यावरची बोटं हलली नाहीत. मीही गाडी बंद केली नाही.